दिवाळीतला बाण?

"६०-७० किलोमीटरचं क्षेपणास्त्र म्हणजे दिवाळीतला बाण!" आमच्या भाचेमंडळींचा हा विनोद मला मुळीच पटत नाही.

पाकिस्ताननं 'नस्र'ची पहिली चाचणी एप्रिल २०११ मध्ये घेतली. पल्ला ६० किलोमीटर, २०१७ मध्ये ७०. आपली फौज झपाट्यानं आत घुसली तर तिला अडवायला हे अस्त्र, तेही अणुबॉम्ब वाहणारं. आता नकाशा उघडा (मास्तरकीची खोड जात नाही!). वाघा सीमेपासून लाहोर जेमतेम २५ किलोमीटर. म्हणजे घुसलेल्या फौजेवर हे डागलं तर पडणार त्यांच्याच पंजाबात, लाहोरच्या वेशीवर! शिवाय पल्ला तोकडा, म्हणून प्रक्षेपक गाड्या सीमेजवळच आणायच्या. त्या शत्रूच्या हाती पडण्याआधी डागायच्या की नाही, हे घाईघाईत ठरवायचं. लांब पल्ल्याचं अस्त्र निदान मागं सुरक्षित राहतं, विचाराला उसंत देतं.

याला 'मर्यादित' अणुयुद्ध म्हणणारे पंडितही आहेत. मर्यादा पाळणार कोण हो? भारतानं जानेवारी २००३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात स्पष्ट म्हटलंय, आपल्या फौजेवर कुठेही अण्वस्त्र पडलं तरी अण्वस्त्रानंच उत्तर देऊ आणि ते प्रचंड असेल. लहान बॉम्बला लहान उत्तर, असं त्यात कुठेही नाही.