शिशाची बादली

परवा शेजारच्या आजोबांबरोबर टायरची दुकानं हिंडलो. आजोबा बंदुकीच्या गोळ्या घरी ओततात. इथे ओहायोत हा छंद रीतसर आहे (आई, काळजी नको, मी नुसता ड्रायव्हर होतो!). चाकाचा तोल साधायला रिमला जी छोटी वजनं लावतात, ती पूर्वी बहुतेक शिशाची असत. आता पाच दुकानं पालथी घालून अर्धी बादली मिळाली, तीही निम्मी जस्त नि लोखंड. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ला, म्हणून आच बेताची ठेवायची आणि वर तरंगेल ते काढायचं. आजोबांना सगळं पाठ आहे.

छंदाला माझा विरोध नाही. पण बादली ठेवली ती गॅरेजात, जिथे त्यांची चार वर्षांची नात सायकल फिरवते. आजोबा वाफेला जपतात, पंखा लावतात. माझ्या मते खरी भीती धुळीची. वजनांवरची काजळी, वर आलेली मळी हाताला, बुटाला लागून घरात येते. लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं म्हणे. गोळीचा नेम चुकला तर दुसरी ओतता येते, इथे तसं नाही.

मी बोललो. आजोबा जरा रागावलेच. असो. बादली अजून तिथेच आहे, सायकल मात्र कालपासून आमच्या अंगणात आहे.