आकाश सर्वांचे, मग मैदान कोणाचे?



शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, नोकरीतला अनुशेष भरला जात नाही, गायरानाची प्रकरणे तहसीलात धूळ खात पडली आहेत. अशा वेळी टीव्हीवर दिसणाऱ्या खेळाचा विषय या स्तंभात कशाला, असे काही वाचक म्हणतील. हा प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर आधी देतो. खेळ कोणाला पाहता येतो आणि कोणाला खेळता येतो, हा सार्वजनिक मालमत्तेचा प्रश्न आहे. आणि सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके किंमत मोजून कोणी शिकलेले नाही.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे कागदावर तळे आपले झाले होते. तरीही ओंजळभर पाणी मिळण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि परमपूज्य बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतला हक्क यांत किती अंतर असते, हे महाडने दाखवले. आज आकाशातल्या लहरींचे नेमके तेच झाले आहे.

लहरी जनतेच्या

१९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो चषक स्पर्धा भरवली आणि प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले. सरकारने आडकाठी केली. प्रक्षेपण हा १८८५ च्या तार कायद्यापासून चालत आलेला आपला मक्ता आहे, असे सरकारचे म्हणणे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, ज्यांचे नाव आपल्या चळवळीला परके नाही. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठीच व्हावा, आणि त्यावर सरकारची किंवा पैसेवाल्यांची अशी कोणाचीच मक्तेदारी नसावी, हे त्या निकालाचे सार आहे.

निकाल उत्तम होता. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत सरकारी मक्ता गेला आणि त्याच्या जागी पैशाचा मक्ता आला. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला एकदिवसीय सामना दीक्षाभूमीच्या नागपुरात झाला. परंतु ज्याच्याकडे खाजगी वाहिनी नव्हती त्या नागपूरकराला तो दूरदर्शनवर थेट पाहता आला नाही. वाद न्यायालयात गेला, तेव्हा सात मिनिटे उशिराने दाखवण्याची मुभा मिळाली. म्हणजे श्रीमंताच्या घरी गडी बाद झाल्यावर सात मिनिटांनी तो गरिबाच्या घरी बाद होणार! यावर ओरड झाली. सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग २००७ चा कायदा केला.

कायदा काय देतो, काय देत नाही

हा कायदा सोप्या शब्दांत असा आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून सरकारने जाहीर केलेल्या खेळांचे थेट चित्रण कोणतीही खाजगी वाहिनी दाखवणार असेल, तर तेच चित्रण जाहिराती वगळून प्रसार भारतीला दिले पाहिजे. प्रसार भारतीने ते दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिशवरून दाखवायचे. आकाशवाणीवरच्या समालोचनालाही हाच नियम आहे. दूरदर्शनला त्यातून जाहिरातीचे जे उत्पन्न मिळेल, त्यातले ७५ टक्के मूळ हक्कदाराला आणि २५ टक्के प्रसार भारतीला. रेडिओच्या बाबतीत निम्मे-निम्मे. या कायद्याने कंपन्यांचे दिवाळे निघेल अशी हाकाटी करणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा. रुपयातले बारा आणे हक्कदाराच्याच खिशात जातात.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी.

पहिली अडचण केबलची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालात कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून सांगितले, की हे चित्रण दूरदर्शनचे मनोरे आणि दूरदर्शनची डिश यांच्यापुरतेच आहे. खाजगी केबलवरून दिसणाऱ्या दूरदर्शनवर ते दाखवता येणार नाही. त्यामुळे झोपडपट्टीतल्या केबलधारकाच्या संचावर दूरदर्शन दिसते, पण त्यावरचा सामना दिसत नाही. शिवाय मनोऱ्यांचे जुने जाळे २०२२ पर्यंत जवळजवळ गुंडाळले गेले. म्हणजे व्यवहारात उरली ती फक्त दूरदर्शनची फ्री डिश.

दुसरी अडचण मोबाईलची. आजचा तरुण टीव्हीपेक्षा फोनवर खेळ पाहतो. २००७ चा कायदा केबल, डिश आणि रेडिओ यांच्याबद्दल बोलतो. इंटरनेटवरून होणारे प्रक्षेपण त्याच्या कक्षेबाहेर राहिले आहे. तिथे कंपनीच्या मनात असेल तेव्हा सामना फुकट, मनात नसेल तेव्हा वर्गणी. २०२३ चे आयपीएल सामने मोबाईलवर फुकट दाखवले गेले आणि लोकांना सवय लागली. २०२५ मध्ये वर्गणी आली. दुकानदाराने दिलेली चव म्हणजे हक्क नव्हे.

तिसरी अडचण यादीची. कोणता खेळ राष्ट्रीय महत्त्वाचा, हे केंद्र सरकार ठरवते. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा, भारतीय संघाचे एकदिवसीय सामने अशा गोष्टी त्यात आहेत. आयपीएल नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा शेवटी प्रेक्षकाच्या खिशातून आणि तो जे तेल-साबण विकत घेतो त्याच्या किमतीतूनच वसूल होणार. त्यातला किती पैसा तुमच्या तालुक्यातल्या मुलीच्या पायात बूट घालतो, हे ज्याचे त्याने आपल्या तालुक्यात पाहावे.

न्यायाने बोलायचे तर बाजाराने काही चांगलेही केले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ घराघरांत दिसू लागला. चड्डी-बनियनवर खेळणाऱ्या पोरांना पहिल्यांदा चार पैसे आणि नाव मिळाले. खेळ दिसला की त्याला प्रतिष्ठा येते, याचा हा पुरावाच आहे. म्हणूनच तो दिसण्याचा हक्क पैशावर सोडता येत नाही.

पाहणे आणि खेळणे

पण बंधूंनो, पाहण्याचा हक्क हा अर्धाच हक्क आहे. पळवणकर बाळू यांचे उदाहरण घ्या. १८७६ मध्ये चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी लावायची, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. चाकरी म्हणून का होईना, त्यांचा पाय मैदानाला लागला आणि हातात चेंडू आला. त्यातूनच देशातला पहिल्या प्रतीचा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. नुसते कुंपणाबाहेरून पाहत राहिले असते तर हे घडले असते काय?

आणि मैदान मिळाल्यावरही जात संपली नाही. मैदानावर ज्यांच्या खांद्याला खांदा लावून ते खेळले, त्यांच्यातलेच लोक त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. राजकारणातला तो विरोध बाजूला ठेवून त्यांच्या खेळाचा अभिमान आपण बाळगला पाहिजे.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २०२१ साल आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. उपान्त्य सामना संघ हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या गावात, तिच्या घरासमोर, जातीवरून शिवीगाळ झाली. खेळ साऱ्या देशाला दिसला म्हणून तिचे कर्तृत्व कळले, आणि तो अपमानही लपवता आला नाही. दिसण्याची किंमत ही अशी असते.

वाटणी केंद्राची आणि राज्याची

आपल्या संविधानाची सातवी अनुसूची पाहा. प्रक्षेपण हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, खेळ हा राज्याच्या सूचीतला. म्हणजे आकाश दिल्लीकडे आणि मैदान मुंबईकडे. दिल्लीला विचारले तर ती मैदान राज्याचे म्हणते, मुंबईला विचारले तर ती निधी केंद्राचा म्हणते. या दोहोंच्या मध्ये आपले पोर रस्त्यावर विटांचे स्टंप लावून उभे असते.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर केले. खेळ ही लोकचळवळ व्हावी, असे त्यात म्हटले आहे. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला दरमहा दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात. हे स्वागतार्ह आहे. पण निवड होण्यासाठी आधी खेळावे लागते आणि खेळण्यासाठी जागा लागते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आणि मुलांना खेळाचे साहित्य आवश्यक ठरवले आहे. हा कायदा आहे, मेहेरबानी नव्हे. तुमच्या पोराच्या शाळेला मैदान आहे काय? असेल तर त्यावर शाळा सुटल्यावर मुले खेळतात, की मंगल कार्यालयाच्या गाड्या उभ्या राहतात? तालुक्याच्या क्रीडा संकुलाला कुलूप आहे, की आत जायला फी आहे? ती फी मजुराच्या मुलाला परवडते काय?

आपण काय करावे

सरकारकडे मागायचे ते स्पष्ट शब्दांत मागू. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाचे खेळ केबलवरच्या दूरदर्शनवर आणि मोबाईलवरही विनामूल्य दिसावेत. महिलांचे सामने, कबड्डी आणि खो-खो यांना पुरुषांच्या क्रिकेटच्या बरोबरीने मान मिळावा. आमदार-खासदार मते मागायला येतील तेव्हा समाजमंदिराच्या स्लॅबबरोबर हाही प्रश्न विचारा.

मात्र सगळेच सरकारवर टाकून बसणे ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. विहारात किंवा समाजमंदिरात टीव्ही असेल तर फ्री डिश बसवा. एकदाच खर्च येतो, महिन्याचे भाडे नाही. महत्त्वाचे सामने सर्वांनी एकत्र पाहावेत, आणि भगिनींना पुढच्या रांगेत बसवावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च केली पाहिजे. तिचा हिशेब ग्रामसभेत मागा आणि वस्तीतल्या मुलांच्या खेळसाहित्याचा अर्ज लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. शाळेच्या मैदानाविषयीही असाच अर्ज शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या. त्या समितीत पालकांचे बहुमत असते.

जयंती मंडळांच्या तरुणांनाही एक विनंती आहे. १४ एप्रिलला एका रात्रीच्या डीजेवर उडणाऱ्या पैशात वस्तीतल्या मुला-मुलींचा कबड्डीचा संघ वर्षभर उभा राहू शकतो. मिरवणूक जरूर काढा, पण तिच्या आदल्या आठवड्यात धावण्याच्या शर्यती घ्या आणि बक्षीस म्हणून पुस्तक व बूट द्या.

माता-भगिनींना विशेष सांगणे. मुलगा खेळून आला की आपण त्याला पाणी देतो, मुलगी खेळायला निघाली की तिच्या हातात झाडू देतो. मुलीला संध्याकाळचा एक तास द्या. घरातले काम भावाने केले तर त्याचे काही बिघडत नाही.

चवदार तळ्याचे पाणी काही तहान भागली नव्हती म्हणून प्यायचे नव्हते. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी ते प्यायचे होते. आकाशातली लहर आणि गावातले मैदान यांच्याकडेही त्याच नजरेने पाहू या. येत्या ग्रामसभेची तारीख आजच विचारून ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!