शरदातले घर आणि अंगण

पनवेल परिसरात पाऊस ओसरून भातकापणी सुरू होते आणि सहामाही परीक्षा संपताच मुलांना दिवाळीची सुट्टी लागते. या दिवसांतली मोठी हस्तकला म्हणजे मातीचा किल्ला: दगड-विटांची रास, तिच्यावर भिजवलेले गोणपाट, चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवराय. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील लहान हातांना माप आणि धीर शिकवतो. सहलीला १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य जवळ आहे. तेथे खरा किल्लाही मुलांना दिसतो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. तीच माया घरच्या कुत्र्या-मांजरांनाही मिळावी: फटाक्यांच्या वेळी त्यांना बंद, शांत खोलीत ठेवावे आणि सोबत माणूस असावा.