आपली यादी आपल्या हातीं

वाचनाची आवड असलेल्या घरांत पूर्वीं टपालाची वाट पाहिली जाई. कोणतें मासिक घ्यावयाचें, कोणाची वर्गणी पुढील वर्षीं बंद करावयाची, ह्याचा विचार घरांत बसून होई; आणि एकदां वर्गणी पाठविली म्हणजे अंक आपण होऊन दारीं येई. आज वाचनाचें बरेचसें साहित्य फोनवर येतें. परंतु तें कोणाच्या निवडीनें येतें, हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो. फेसबुक अथवा इन्स्टाग्राम उघडलें असतां समोर येणारा मजकूर आपण मागितलेलाच असतो असें नाहीं. वाचकानें पडद्यासमोर अधिकाधिक वेळ बसून राहावें, ह्या धोरणानें एक गणिती योजना त्याचा क्रम लावीत असते. फेसबुकनें २००६ सालच्या सप्टेंबरांत ‘न्यूज फीड’ सुरू केलें. त्यापूर्वीं स्नेह्याची हालहवाल कळण्यास त्याचें पान मुद्दाम उघडून पाहावें लागे. तेव्हांपासून मजकूरच वाचकाकडे चालून येऊं लागला. सोय झाली खरी, परंतु निवडीचा हक्क हळूहळू हातचा गेला.

ह्या लोंढ्याबाहेर राहून वाचन करण्याचा एक मार्ग पंचवीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. त्याचें नांव आर. एस. एस. फीड. हीं तीन अक्षरें ऐकतांच महाराष्ट्रांतील वाचकाच्या मनांत दुसरीच संस्था उभी राहील; तिचा येथें कांहीं संबंध नाहीं. १९९९ सालच्या मार्चांत नेटस्केप कंपनीनें ‘माय नेटस्केप’ ह्या आपल्या पानाकरितां ही रीत काढली. ती सिद्ध करणाऱ्यांत आय. आय. टी. मद्रास येथें शिकलेले रामनाथन् गुहा हे प्रमुख होते. अक्षरांचा अर्थ पुढें बदलत जाऊन शेवटीं ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ हा रूढ झाला. तज्ज्ञांत मतभेद होऊन एकाच कल्पनेच्या दोन शाखाही झाल्या. एक आवृत्ति २००० च्या डिसेंबरांत निघाली. तिच्या कर्त्यांत ॲरन स्वार्ट्झ हा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता. दुसरी डेव्ह वाइनर ह्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. घरांतील चौदा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय कळतें’ म्हणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं ही हकीकत ध्यानांत घ्यावी.

रीत अगदीं साधी आहे. संकेतस्थळाचा चालक एका ठराविक पत्त्यावर एक लहानशी फाइल ठेवतो. तींत अलीकडील लेखांचीं नांवें, तारखा, दुवे आणि बहुधा थोडा सारांश असतो. आपल्याजवळील ‘फीड रीडर’ त्या पत्त्यावर थोड्या थोड्या वेळानें जाऊन पाहतो, आणि नवें कांहीं दिसलें कीं आपल्या यादींत आणून ठेवतो. संकेतस्थळाला वाचकाचें नांव वा ई-मेल कळविण्याचें कारण पडत नाहीं. वर्गणीचा कंटाळा आला तर नांव काढून टाकावें. कोणाला पत्र लिहावें लागत नाहीं, कीं कोणाचा रुसवाही नाहीं! पॉडकास्ट म्हणून जीं ध्वनिभाषणें तरुण मंडळी ऐकतात, तींही बहुतांशीं ह्याच वाटेनें घरोघर पोंचतात. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला अशी फीड आहे, आणि मॅस्टोडॉन ह्या २०१६ सालीं निघालेल्या समाजमाध्यमावर कोणाच्याही पानाच्या पत्त्यापुढें ‘डॉट आर. एस. एस.’ एवढीं अक्षरें जोडलीं कीं काम भागतें. फेसबुक आणि इन्स्टाग्राम मात्र ही सोय देत नाहींत. वाचक दाराबाहेरूनच वाचून जावा, हें त्यांच्या व्यापाराला परवडणारें नाहीं.

ह्या व्यवस्थेवरही एकदां मोठा प्रसंग ओढवला होता. गूगल कंपनीनें २००५ सालीं ‘गूगल रीडर’ काढला. तो उत्तम होता व फुकट होता, त्यामुळें बहुसंख्य वाचक त्याच एका छपराखालीं गोळा झाले. १३ मार्च २०१३ रोजीं कंपनीनें तो बंद करीत असल्याचें जाहीर केलें, आणि १ जुलै रोजीं तो खरोखरच बंद झाला. ज्यांनीं मधल्या साडेतीन महिन्यांत आपली यादी उतरवून घेतली, त्यांनीं ती फीडलीसारख्या दुसऱ्या रीडरांत नेऊन वाचन पुढें चालू ठेवलें. ज्यांनीं दुर्लक्ष केलें, त्यांची वर्षानुवर्षांची निवड नाहींशी झाली. आपल्याकडे एके काळीं घरोघर बोलबाला असलेलें ऑर्कुट २०१४ च्या ३० सप्टेंबरला बंद पडलें, तेव्हां तर तेथील ओळखी जशाच्या तशा उचलून दुसरीकडे नेण्याची सोयच नव्हती. फीडच्या यादीचें तसें नाहीं. ‘ओ. पी. एम. एल.’ नांवाच्या एका फाइलींत सगळी यादी मावते, आणि जवळजवळ प्रत्येक रीडर ती देतो व घेतो. वर्षांतून दोनदां ती उतरवून घरच्या संगणकावर ठेवावी; दागिन्यांची यादी आपण ठेवतोंच कीं नाहीं?

आतां यादीच्या व्यवस्थेविषयीं. आरंभीं उत्साहाच्या भरांत माणूस शंभर ठिकाणीं नांव घालतो, आणि आठ दिवसांत ‘न वाचलेले’ हा आंकडा हजारावर जाऊन मन दडपून जातें. ह्याचें कारण बहुधा दैनिक वृत्तपत्रें असतात. एका मोठ्या वृत्तपत्राची फीड दिवसाला पन्नास बातम्या आणून ओतूं शकते, आणि तिच्याखालीं वर्षांतून चारदांच लिहिणारा एखादा इतिहाससंशोधक किंवा वनस्पतिशास्त्रज्ञ गाडला जातो. वस्तुतः ह्या साधनाचा खरा उपयोग अशाच क्वचित् लिहिणाऱ्यांकरितां आहे. बातम्या कोठेंही मिळतात. परंतु सहा महिने गप्प राहिलेल्या विद्वानानें आज कांहीं लिहिलें, हें एऱ्हवीं आपणांस कोण सांगणार? म्हणून अशा लेखकांचें एक दालन स्वतंत्र करून तें सर्वांत वर ठेवावें. वृत्तपत्रांचें दालन खालीं असावें, आणि तें न वाचतांच ‘वाचलें’ अशी खूण करून मोकळें करण्यास संकोच वाटूं देऊं नये. दिवाळीच्या साफसफाईबरोबर यादीवरूनही एकदां हात फिरवावा.

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न थोडा नाजूक होतो. घराच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळपासून येणारे निरोप सर्वांनाच पाहावे लागतात, आणि त्यांतील बहुतेक सासूबाई वा काकासाहेब ह्यांच्या आवडीचे असतात. कामाच्या धबडग्यांतून सुनेला अर्धा तास मिळाला, तर तोही त्यांतच जातो. आमचें स्पष्ट मत आहे कीं घरांतील प्रत्येक वाचत्या माणसाची स्वतःची यादी असावी, आणि ती दुसऱ्यानें विचारल्यावांचून पाहूं नये. सर्वांकरितां एक सामायिक यादी हवी असल्यास ती निराळी करावी. तींत पांचसात नांवें पुरेत, आणि नवें नांव घालावयाचें तें जेवणाच्या वेळीं सर्वांसमक्ष सुचवावें. लहान मुलांच्या यादींत आईबापांनीं दोन नांवें घालावीं व दोन मुलांना घालूं द्यावीं. मुलांनीं घातलेलीं तीं दोन आपणही महिनाभर वाचून पाहावीं, आणि मगच त्यांवर कांहीं बोलावें.