म्हणे टर्बो टिकत नाही!

"टर्बोचं इंजिन टिकत नाही," असं आमचे भाचे-पुतणे ठणकावून सांगतात. अहो, 2005 साली भारतात आलेली डिझेल इनोव्हा टर्बोचीच होती की! नांदेड-लातूर रस्त्यावर भाड्याने पळणाऱ्या असल्या गाड्यांनी लाखांनी किलोमीटर काढले. (मीटर मागे फिरवणाऱ्यांचा विषय वेगळा!)

टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर. तेल वेळेवर बदलायचं नाही, भर उन्हात अहमदपूरपर्यंत गाडी दामटायची आणि ढाबा दिसताच खटकन चावी बंद! आत तापलेलं तेल जागीच करपतं... मग शिव्या मात्र कंपनीला. मंडळी, इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायला काय होतं? चहाला अर्धा तास घालवताच ना?