पुलावरच्या माणसाचा राग

जानेवारी २०११ मध्ये बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींच्या कार्यक्रमात मास्त्रेता या मेक्सिकन स्पोर्ट्स कारचा विषय निघाला. गाडी राहिली बाजूला. सूत्रसंचालक रिचर्ड हॅमंडने मेक्सिकन माणसं आळशी, बिनकामाची, पोट सुटलेली ठरवून टाकली. त्याचा साथीदार जेरेमी क्लार्कसन म्हणाला, तक्रार येणारच नाही, त्यांचा राजदूत टीव्हीपुढे झोपलेला असेल. राजदूतांनी रीतसर पत्र पाठवलं. बीबीसीने त्यांची माफी मागितली, पण देशोदेशींच्या ठोकळेबाज प्रतिमांवर हसणं हा ब्रिटिश विनोदाचाच भाग आहे, असंही वर ऐकवलं.

याचा खरा समाचार घेतला तो स्टीव्ह कूगन या विनोदी नटाने. तो स्वतः या कार्यक्रमात पाहुणा म्हणून जाऊन आलेला. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्याने लिहिलं की, उत्तम विनोद पूर्वग्रहांना खतपाणी घालत नाही, त्यांना आव्हान देतो, आणि फ्रेंच-जर्मनांशी चालणाऱ्या थट्टेचा दाखला इथे लागू पडत नाही. मला हा लेख राजदूतांच्या पत्राहून मोलाचा वाटतो. सरकारी निषेधाने असा सूत्रसंचालक चाहत्यांच्या नजरेत आणखी मोठा होतो. त्याच्याच धंद्यातला माणूस ‘तुझा विनोद फुकटचा आहे’ म्हणतो, तेव्हा पळायला वाट उरत नाही.

स्ट्युअर्ट ली हा विनोदी कलाकार तर याआधीच आणखी पुढे गेला होता. २००६ च्या भीषण अपघातातून हॅमंड जेमतेम वाचला होता. लीने रंगमंचावर त्या अपघाताविषयी मुद्दाम अत्यंत क्रूर बोलून दाखवलं आणि मग सबब तीच दिली: गंमत होती, ‘टॉप गिअर’सारखी. ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. ‘गंमत’ या ढालीआड काय काय खपतं, ते इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

मग प्रत्येक वेळी संतापायचं का? नाही. डिसेंबर २०११ च्या भारतातल्या भागात क्लार्कसनने जग्वारच्या मागे कमोड बसवून घेतला होता. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने तक्रार केली. माझ्या मते तो नुसता पोरकटपणा होता. सव्वाशे कोटींच्या देशाने त्यामुळे दुखावून घ्यायचं कारण नव्हतं. आपल्याकडे उत्तर द्यायला तोंड आहे, माध्यमं आहेत.

माझा राग राखून ठेवलाय तो २०१४ च्या ब्रह्मदेशाच्या भागासाठी. कार्यक्रमाच्या मंडळींनी बांधलेल्या पुलावरून एक आशियाई माणूस चालत जात होता. क्लार्कसनने इंग्रजीत आशियाई लोकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द श्लेषाच्या आडोशाने त्याच्यावर टाकला. त्या माणसाच्या हाती ना माइक होता, ना राजदूत. लेखणीतून उतरलेलं, चित्रित झालेलं, संकलकाच्या टेबलावरून गेलेलं हे वाक्य वाहिनीने प्रसारित केलं. म्हणून दोष एकट्या क्लार्कसनचा नाही. ऑफकॉम या नियामक संस्थेने नियमभंग झाल्याचा निर्णय दिला, तरी कार्यक्रम चालूच राहिला. मार्च २०१५ मध्ये बीबीसीने क्लार्कसनचा करार वाढवायला नकार दिला, तो त्याने कार्यक्रमाच्या निर्मात्यावर हात उगारल्यानंतर.