‘शरीर विसरत नाही’ म्हणणारे डॉक्टर : उल्लेख हजारो, पण पुरावा किती?

इन्स्टाग्रामवर ‘ट्रॉमा’ हा शब्द शोधून पाहा. ‘तुमचा ट्रॉमा कंबरेत साठलाय’, ‘मन विसरतं, शरीर विसरत नाही’ अशी रील्स एकामागून एक यायला लागतात. यातल्या बऱ्याच रील्सचं मूळ एकाच पुस्तकात सापडतं. ते म्हणजे २०१४ साली आलेलं ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’. लेखक बेसल व्हॅन डर कोल्क. हे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत वर्षानुवर्षं टिकून राहिलं.

कुणी शंका घेतलीच, तर उत्तर तयार असतं, ‘त्यांच्या संशोधनाचा हजारो वेळा उल्लेख झालाय!’ ते खरंही आहे. पण उल्लेख झाला म्हणजे सिद्ध झालं का?

कोण आहेत व्हॅन डर कोल्क?

जन्म १९४३, नेदरलँड्समधलं हेग शहर. शिक्षण अमेरिकेत. १९७८ मध्ये ते बोस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. तिथे भेटलेल्या एका सैनिकाची गोष्ट त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या या माणसाला भयानक स्वप्नं पडत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्याने त्या घेतल्याच नाहीत. स्वप्नं थांबली तर मेलेल्या मित्रांशी गद्दारी होईल, असं त्याला वाटत होतं.

तेव्हा ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा तणाव विकार, हे नावही अधिकृत नव्हतं. ते अमेरिकी मनोविकारांच्या ‘डीएसएम’ या यादीत १९८० साली आलं. म्हणजे व्हॅन डर कोल्क यांची कारकीर्द आणि हे संशोधनक्षेत्र बरोबरीने वाढलं. त्यांच्या नावाचे उल्लेख इतके जास्त असण्याचं हेही एक कारण आहे. नव्या क्षेत्रात सुरुवातीला लिहिणाऱ्यांना नंतरच्या प्रत्येकाला संदर्भात घ्यावंच लागतं.

सायटेशन म्हणजे नेमकं काय?

एका संशोधकाने आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला की एक ‘सायटेशन’ मोजलं जातं. त्यावरून ‘एच-इंडेक्स’ काढतात. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप सुचवलं. एखाद्याच्या ५० निबंधांना प्रत्येकी किमान ५० उल्लेख असतील, तर त्याचा एच-इंडेक्स ५०.

मोजायला सोपं, पण एक गोम आहे. ‘हे बरोबर आहे’ म्हणून केलेला उल्लेख आणि ‘हे चूक आहे’ म्हणून केलेला उल्लेख, दोन्ही एकच गुण देतात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी २००३ मधल्या आपल्या पुस्तकात व्हॅन डर कोल्क यांच्या एका मुख्य दाव्यावर सडकून टीका केली. भयंकर प्रसंग मन दडपून टाकतं आणि शरीर मात्र तो जपून ठेवतं, हा तो दावा. मॅकनॅली यांच्या मते बहुतेकांना असे प्रसंग विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत. अशी टीकाही उल्लेखांच्या बेरजेत जमाच होते.

गाजला, तरी नाकारला

२००५ मध्ये व्हॅन डर कोल्क यांनी मुलांसाठी एक नवं निदान सुचवलं, ‘डेव्हलपमेंटल ट्रॉमा डिसऑर्डर’. सतत मारहाण, अत्याचार किंवा हेळसांड सोसणाऱ्या मुलांवर चंचलता, हट्टीपणा, मूड बदलणं अशी चार-पाच वेगवेगळी लेबलं लागतात आणि मूळ कारण बाजूलाच राहतं, असा त्यांचा मुद्दा होता. तो निबंध प्रचंड गाजला. तरीही २०१३ मध्ये ‘डीएसएम-५’ आलं, त्यात हे निदान नव्हतं. अमेरिकेत विमा आणि संशोधनाचा पैसा बराचसा या यादीवर ठरतो. त्यामुळे हा वाद फक्त शब्दांचा नव्हता.

योगाने ट्रॉमा बरा होतो?

हा दावाही त्यांच्याच नावाने फिरतो. त्यामागचा अभ्यास २०१४ चा. उपचारांना दाद न देणारा जुना पीटीएसडी असलेल्या ६४ महिला त्यात होत्या. निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एक तास योग. बाकीच्यांना आरोग्यविषयक मार्गदर्शनाचा वर्ग. शेवटी योग गटातल्या ३१ पैकी १६ जणी पीटीएसडीच्या निकषांबाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २९ पैकी ६.

निकाल आशादायक आहे. पण महिला मोजक्या, कालावधी दहाच आठवडे. योगाची मदत होऊ शकते, इतकं यावरून म्हणता येतं. ‘थेरपी सोडा, योग करा’ हे त्या अभ्यासात कुठेच नाही.

मग कल्पना टिकते कशी?

याच वर्तुळातलं दुसरं उदाहरण पाहा. व्हॅन डर कोल्क यांच्यासोबत काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ ही कल्पना मांडली. एकाच अपघाताचा धक्का वेगळा आणि वर्षानुवर्षं कुणाच्या तरी धाकात काढणं वेगळं, हे त्यांचं म्हणणं. ‘डीएसएम’ने ते स्वतंत्र निदान म्हणून घेतलं नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी प्रश्नावल्या तयार करून, लोकांवर तपासून ते पडताळलं. अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या यादीत ते आलं. ही यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. मधे ३० वर्षं गेली. नुसत्या उल्लेखांनी हे झालं नसतं. इतरांनी स्वतंत्रपणे तपासलं, म्हणून झालं.

आपण काय पाहायचं?

पुढच्या वेळी ‘जगप्रसिद्ध संशोधक म्हणतात’ असं रील दिसलं की तीन प्रश्न विचारा. अभ्यास किती लोकांवर झाला? दुसऱ्या कुणी तो करून पाहिला का? रीलमधलं वाक्य मूळ संशोधनात आहे का? ‘कंबरेत साठलेला ट्रॉमा’ तिसऱ्याच प्रश्नाला गळून पडतो. व्हॅन डर कोल्क बोलतात ते मेंदू आणि शरीराच्या धोक्याला प्रतिसाद देण्याच्या यंत्रणेबद्दल.

त्यांचं मोठं काम खरंच आहे. आघात झालेल्या माणसाची धडधड, दचकणं, झोप उडणं ही ‘नाटकं’ नाहीत, हे लाखो वाचकांना त्यांच्यामुळे कळलं. पण असा त्रास तुम्हाला किंवा घरात कुणाला होत असेल, तर रीलवर थांबू नका. सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे.